चार्ल्स लिंडबर्ग : न्यूयॉर्क ते पॅरिस, साडेतेहतीस तास



वेग, वेळ, अंतर शिकवताना आगगाडीची तीच ती उदाहरणं मुलांना कंटाळवाणी होतात. एकदा हे गणित घालून बघा. एक विमान २० मे १९२७ रोजी सकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी न्यूयॉर्कहून निघालं आणि दुसऱ्या दिवशी रात्री १० वाजून २२ मिनिटांनी पॅरिसला उतरलं. किती तास लागले? बहुतेक मुलं साडेअडतीस म्हणतील. उत्तर आहे साडेतेहतीस! दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळातल्या आहेत आणि पॅरिसचं घड्याळ तेव्हा पाच तास पुढे होतं.

या विमानात एकटाच माणूस होता, चार्ल्स लिंडबर्ग. जन्म ४ फेब्रुवारी १९०२, डेट्रॉईट. बालपण मिनेसोटातल्या शेतावर गेलं. इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट सोडून तो विमान शिकला आणि सेंट लुईस ते शिकागो टपालाची विमानं चालवू लागला.

न्यूयॉर्क-पॅरिस न थांबता उडणाऱ्याला २५,००० डॉलरचं बक्षीस होतं. या नादात काही वैमानिकांचे जीव गेले होते. लिंडबर्ग निघण्याच्या बाराच दिवस आधी पॅरिसहून निघालेले दोन फ्रेंच वैमानिक समुद्रावर कायमचे बेपत्ता झाले.

लिंडबर्गने आधी अंतर मोजलं. कसं? वाचनालयातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून! सुमारे ५,८०० किलोमीटर. (तुमच्याही वर्गात पृथ्वीगोल असेल, दोरा ताणून बघा. सपाट नकाशावरची सरळ रेघ आणि हा दोरा वेगवेगळ्या वाटेने जातात.) मग त्याने ही वाट शंभर-शंभर मैलांच्या तुकड्यांत पाडली. तासाला एक तुकडा, आणि प्रत्येक तुकड्याला होकायंत्राची दिशा थोडी बदलायची.

इतक्या अंतराला सुमारे १,७०० लिटर पेट्रोल लागणार, म्हणून बाकीचं वजन कमी केलं. रेडिओ नाही, पॅराशूट नाही. खुर्चीसुद्धा वेताची. पेट्रोलची मोठी टाकी थेट समोर असल्याने पुढचं दिसायचंच नाही, बाजूच्या खिडकीतून डोकावायचं.

खरा शत्रू ठरली झोप. निघायच्या आदल्या रात्री त्याला झोप लागलीच नव्हती. अटलांटिकवर काळोख, पंखांवर बर्फ, आणि डोळा लागला की विमान खाली. सकाळी मासेमारीच्या होड्या दिसल्या, तेव्हा खाली येऊन त्याने ओरडून आयर्लंडची दिशा विचारली. कोणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने आयर्लंडचा किनारा दिसला, तोही ठरवलेल्या वाटेच्या अगदी जवळ. पॅरिसला लाखभर लोक जमले होते. परतताना मात्र तो जहाजाने आला, आणि त्याला आठवडा लागला.

पुढचं आयुष्य तितकं उजळ नाही. १९३२ मध्ये त्याच्या तान्ह्या मुलाला पळवून नेऊन मारलं. नंतर अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात उतरू नये म्हणून त्याने जी भाषणं केली, त्यात ज्यूंवरही ठपका ठेवला. लोक संतापले. हेही मोठ्या मुलांना सांगावं असं मला वाटतं, नाहीतर चरित्राची नुसती आरती होते.

२६ ऑगस्ट १९७४ रोजी हवाईत त्याचं निधन झालं. तोवर जेट विमानं न्यूयॉर्कहून पॅरिसला सात-साडेसात तासांत पोहोचू लागली होती.