पीक कापणी प्रयोगाला शास्त्राची बैठक देणारे डॉ. पां. वा. सुखात्मे

शेतकरी मित्रांनो, वैराग भागात सोयाबीन, तूर किंवा ज्वारीचा पीक कापणी प्रयोग तुम्ही पाहिला असेल. शेतात दोरी लावून चौकोन आखतात, त्यातलं पीक कापून मळतात आणि दाणे वजन करतात. मंडळाचं सरासरी उत्पादन अशाच प्रयोगांवरून ठरतं आणि पीक विम्याची भरपाई त्या आकड्याशी जोडलेली असते. या पद्धतीमागे एका मराठी माणसाचे मोठे कष्ट आहेत.

बुध ते लंडन

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये तेथे संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर त्यांनी कोलकात्यात काही काळ अध्यापन केलं. १९४० पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा सांभाळली आणि कृषी विभागाच्या लोकांना हे शास्त्र शिकवलं. वि. गो. पानसे यांच्यासोबत १९५४ मध्ये त्यांनी लिहिलेलं पुस्तक कृषी महाविद्यालयांत पिढ्यानपिढ्या वापरलं गेलं.

लहान चौकोन का फसवतो?

त्या काळी पीक अंदाज बहुधा नजरेनंच, आणेवारीनं होई. कापणी करायची, तर प्लॉट केवढा घ्यायचा यावर वाद होता. लहान प्लॉटमध्ये उत्पादन जास्त दिसतं, हे सुखात्मे यांनी १९४६-४७ मध्ये दाखवून दिलं. कारण माणसाच्या मनात आहे. दोरीवर आलेलं ताट आत की बाहेर, अशी शंका आली की हात ते आत ओढतो. १ × १ मीटरच्या प्लॉटला दर चौरस मीटरमागे ४ मीटर कड येते. १० × ५ मीटरच्या प्लॉटला फक्त ०.६ मीटर. कड जितकी जास्त, तितकी चूक जास्त.

१९५१ नंतर सुमारे वीस वर्षं ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत होते. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९९७ मध्ये त्यांचं निधन झालं.

तुम्ही काय पाहाल?

- प्लॉटची जागा यादृच्छिक आकड्यांनीच ठरू द्या. बांधाजवळची सोयीची जागा नको आणि विम्यासाठी मुद्दाम दाखवलेला खराब कोपराही नको.
- दोरी ताणलेली असावी. कडेच्या झाडाचं मूळ आत असेल तरच ते मोजावं.
- मळणी आणि वजन होईपर्यंत हजर राहा. नोंद वाचूनच सही करा.

मित्रांनो, एका प्लॉटमध्ये जादा मोजलेल्या ताटांमुळे मंडळाची सरासरी फुगते आणि नुकसान झालेल्या सगळ्यांच्या भरपाईला कात्री लागू शकते. म्हणून दोरी लागते त्या दिवशी शेतावर थांबा.