तलवार गिळणाऱ्याच्या पोटात गेली पहिली नळी; जठरात डोकावणारे डॉ. कुसमाउल

सीबीडी बेलापूर : पारसिक हिल रोडवरचं अपोलो हॉस्पिटल असो की मुंबईतला कुठलाही मोठा दवाखाना, दुर्बिणीने पोट तपासणं, म्हणजे एंडोस्कोपी, आता रोजचीच झाली आहे. तोंडातून नळी घालून अल्सरचं रक्त थांबवतात, पित्तनळीतला खडा काढतात. पोट फाडावं लागत नाही. तरी गावाकडं नळीचं नाव काढलं की माणूस घाबरतो आणि महिनोन्‌महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर काढतो. जठराच्या आत पाहण्यासाठी पहिली नळी घातल्याचा मान जातो जर्मनीतले डॉ. अ‍ॅडॉल्फ कुसमाउल यांच्याकडे.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८२२ चा, कार्ल्सरूहेजवळच्या ग्राबेन गावातला. वडीलही डॉक्टर. हायडलबर्गला शिक्षण, काही काळ सैन्यात डॉक्टरकी, मग कांडर्न नावाच्या छोट्या गावात दवाखाना. आसपासच्या खेड्यांत फिरणारे ते साधे गावडॉक्टर होते. पण आजारपणात पाय लुळे पडले आणि फिरती बंद झाली. दुसरा कुणी असता तर खचला असता. हे मात्र तिशी उलटल्यावर पुन्हा शिकायला वुर्झबर्गला गेले आणि पुढं प्रोफेसर झाले.

१८६३ पासून ते फ्रायबुर्गला होते. जठराचं खालचं तोंड आकसलं की खाल्लेलं पुढं सरकत नाही, उलट्यांनी माणूस वाळून जातो. अशा पेशंटचं जठर १८६७ मध्ये त्यांनी पंपाने धुवायला सुरुवात केली. त्यानं आराम पडायचा, पण आत नेमकं काय बिघडलंय ते दिसत नव्हतं.

म्हणून १८६८ मध्ये त्यांनी सरळ, ताठ नळी घेतली. ४७ सेंटिमीटर लांब, १३ मिलिमीटर जाड. साध्या माणसाच्या घशातून ती जाणार कशी? आपल्याकडं जत्रेत असायचे तसा तलवार गिळणारा एक खेळवाला त्यांनी गाठला. मान मागं टाकून घसा सरळ धरायची त्याला सवयच होती. नळी जठरात उतरली. घोडं अडलं ते उजेडापाशी. स्पिरिट आणि टर्पेंटाइनवर जळणारा दिवा बाहेर, त्याचा उजेड आत पुरेना, त्यात जठरातलं पाणी आड यायचं. दिसलं फार थोडं. शेवटी त्यांनी तो नाद सोडला.

काम मात्र थांबलं नाही. मधुमेह हाताबाहेर गेल्यावर पेशंट खोल, जोरजोरात श्वास घेतो, ते १८७४ मध्ये त्यांनीच नोंदवलं. त्या श्वासाला आजही त्यांचंच नाव आहे. २८ मे १९०२ रोजी हायडलबर्गला त्यांचं निधन झालं.

थोडी वाकणारी नळी १९३२ मध्ये शिंडलर यांनी आणली. १९५४ मध्ये पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी आणि हॉपकिन्स यांनी लंडनला काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र वळवून नेऊन दाखवलं. त्याच धर्तीची नळी अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये आधी स्वतः गिळली, मग पेशंटला घातली. पुढं नळीतून हत्यारंही जाऊ लागली. १९६९ मध्ये मोठ्या आतड्यातली गाठ पोट न फाडता निघाली, तर १९७४ च्या सुमारास पित्तनळीतले खडे निघू लागले. आता घशात सुन्न करणारा फवारा मारतात, लागलं तर झोपेचं इंजेक्शन देतात, आणि नळी असते करंगळीपेक्षा बारीक.