लुई आर्मस्ट्राँग आणि त्याचे साथीदार

अमेरिकेच्या दक्षिण भागात, मिसिसिपी नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडे वरच्या अंगाला, न्यू ऑर्लिन्स हे जुने बंदर वसलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या शहरात वाद्यांचा आवाज कानी पडला नाही असा दिवस क्वचितच जात असे. मिरवणूक असो, नाचाचा समारंभ असो, नाहीतर अंत्ययात्रा असो, पितळी वाद्यांचा ताफा असावयाचाच. गुलामगिरी नष्ट होऊन तेव्हा पुरती चाळीस वर्षेही झाली नव्हती. त्या गुलामांच्या मुलानातवंडांनी या शहराच्या गल्ल्यांतून एक नवे संगीत घडविले. त्यालाच पुढे जॅझ हे नाव मिळाले. ठरलेले सूर जसेच्या तसे वाजविण्यापेक्षा, वाजविता वाजविता नवे सूर सुचावेत आणि साथीदारांनी ते झेलावेत, यातच या संगीताची खरी गोडी आहे.

लुई आर्मस्ट्राँगचा जन्म याच शहरातील एका अतिशय गरीब वस्तीत 4 ऑगस्ट 1901 रोजी झाला. आपला जन्म 1900 सालच्या जुलै महिन्याच्या 4 तारखेस, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी झाला, असे तो स्वतः जन्मभर सांगत असे. खरी तारीख चर्चच्या जुन्या नोंदीत सापडली ती त्याच्या मृत्यूनंतर. लुई तान्हा असतानाच वडील घर सोडून गेले. आई मोलमजुरी करी. लहानपणी लुई कार्नोफ्स्की नावाच्या एका ज्यू कुटुंबाच्या गाडीवर काम करीत असे. भंगार गोळा करणे आणि कोळसा विकणे हा त्या कुटुंबाचा धंदा होता. गाडी आल्याचे लोकांना कळावे म्हणून लुई एक साधी पत्र्याची पिपाणी फुंकीत असे. पुढे गहाणवटीच्या दुकानात त्याला एक जुने कॉर्नेट दिसले. कॉर्नेट म्हणजे तुतारीच्या जातीचे, तीन कळांचे, पितळेचे आखूड वाद्य. ते विकत घेण्यासाठी त्या कुटुंबाने त्याला पैशांची उचल दिली. या घरातील माणसांची माया तो कधीही विसरला नाही.

1912 सालच्या शेवटच्या रात्री नववर्षाच्या जल्लोषात अकरा वर्षांच्या लुईने भररस्त्यात पिस्तुलाचा बार काढला. गोळी कोणालाही लागली नाही. पण पोलिसांनी त्याला पकडले आणि न्यायाधीशाने त्याची रवानगी कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात केली. एवढ्याशा अपराधासाठी दीड वर्षे आईपासून दूर! शिक्षा कठोर होती यात शंका नाही. परंतु त्या सुधारगृहात मुलांचे एक वाद्यपथक होते आणि पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक ते चालवीत. त्यांनी लुईला प्रथम किरकोळ वाद्ये दिली, मग कॉर्नेट दिले, आणि शेवटी पथकाचा नायक केले.

सुधारगृहातून सुटल्यावर त्याला खरा गुरू भेटला. जो ऑलिव्हर हा न्यू ऑर्लिन्समधील नामांकित कॉर्नेटवादक. लोक त्याला ‘किंग’ म्हणजे राजाच म्हणत. लुईने त्याच्या घरची पडेल ती कामे करावीत आणि त्याने लुईला धडे द्यावेत, असा क्रम सुरू झाला. ऑलिव्हरने आपले एक जुने कॉर्नेटही त्याला दिले. पुढे गुरू उत्तरेस शिकागोला निघून गेला. लुई काही काळ नदीवरील आगबोटींच्या वाद्यवृंदात राहिला आणि तेथे लिहिलेले संगीत वाचावयास शिकला. 1922 सालच्या उन्हाळ्यात ऑलिव्हरची तार आली. आपल्या वाद्यवृंदात दुसरा कॉर्नेटवादक म्हणून ये, असा तिचा आशय होता. लुई आगगाडीत बसला.

शिकागोतील लिंकन गार्डन्स या नाचघरात गुरुशिष्य शेजारी शेजारी उभे राहून वाजवू लागले. मधेच सर्व वाद्ये थांबत आणि केवळ ही दोन कॉर्नेटे एका जोडीने अवघड तान घेत. समोर कागद नसे. गुरूच्या मनात पुढची तान कोणती आहे, हे शिष्याला कसे कळते, याचे श्रोत्यांना मोठे कोडे पडे. ऑलिव्हर क्षणभर आधी हलकेच खूण करी आणि तेवढ्यावर लुई त्या तानेला जुळणारे दुसरे सूर आयत्या वेळी बसवी.

एप्रिल 1923 मध्ये हा वाद्यवृंद रिचमंड या गावी ध्वनिमुद्रणासाठी गेला. ध्वनिमुद्रणाची जागा लोहमार्गाला अगदी लागून होती. गाडी आली की काम थांबवावे लागे. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. सर्वांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवावयाचे. कर्ण्यात शिरलेल्या आवाजाने एक सुई थरथरत असे आणि ती फिरत्या मेणाच्या तबकडीवर बारीक रेघ कोरीत जाई. जवळच्याचा आवाज मोठा उमटे, दूरच्याचा लहान. मोठा ढोल वाजला तर सुई उडण्याची भीती. म्हणून बेबी डॉड्स या ढोलवादकाला ढोल बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यावर ताल धरावा लागला. लुईचीही अशीच अडचण झाली. तो गुरूच्या शेजारी उभा राहिला, तर गुरूचा कॉर्नेट ऐकूच येईना. अखेर त्याला सर्वांपासून दूर, खोलीच्या कोपऱ्याकडे उभे करण्यात आले.

तेथे तो खिन्न चेहऱ्याने उभा होता. पियानो वाजविणाऱ्या लिल हार्डिन हिने ते पाहिले. इतरांना ती शिक्षा वाटली असेल. लिलने त्यातून वेगळाच अर्थ काढला. एवढ्या दूर उभे राहूनही ज्याचा स्वर इतका भरीव उमटतो, तो गुरूच्या पुढे गेलेला आहे, हे तिने ओळखले. ऑलिव्हरलाही ते ठाऊक होते. लुई आपल्याजवळ आहे तोवरच आपले राजेपण टिकेल, असे त्याने बोलून दाखविल्याचे लिलने पुढे सांगितले. या ध्वनिमुद्रणांतील ‘चाइम्स ब्लूज’ या रचनेत लुईला एकट्याने वाजविण्याची संधी मिळाली. त्याचे एकल वादन तबकडीवर उतरले ते हे पहिलेच.

1924 च्या फेब्रुवारीत लुई व लिल यांचा विवाह झाला. ज्याने हाती कॉर्नेट दिले त्याला सोडून जाणे लुईला जड जात होते. लिल मात्र त्याला सारखी सांगत राहिली, की जन्मभर दुसऱ्या कॉर्नेटवर राहू नकोस. त्या वर्षी त्याने गुरूचा निरोप घेतला आणि न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात तो दाखल झाला. तेथे असतानाच जानेवारी 1925 मध्ये थोर गायिका बेसी स्मिथ हिला त्याने साथ केली. ‘सेंट लुई ब्लूज’ या गीताच्या त्या मुद्रिकेत तिसरे वाद्य आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. ते म्हणजे हार्मोनियम! बेसीची ओळ संपते आणि कॉर्नेट तिला उत्तर देते. गायिकेच्या सुरावर कोठेही कुरघोडी न करता कसे वाजवावे, याचा तो उत्तम नमुना आहे.

नोव्हेंबर 1925 मध्ये शिकागोला परतून लुईने प्रथमच आपल्या नावाने ध्वनिमुद्रण केले. या चमूचे नाव ‘हॉट फाइव्ह’. लिल पियानोवर, किड ओरी ट्रॉम्बोनवर, जॉनी डॉड्स क्लॅरिनेटवर आणि जॉनी सेंट सीर बँजोवर. बहुतेक सारे न्यू ऑर्लिन्सचेच. नवल असे, की या पाचजणांनी श्रोत्यांसमोर एकत्र वादन जवळजवळ केलेच नाही. रात्री ज्याने त्याने आपापल्या नोकरीवर वाजवावे आणि ध्वनिमुद्रणापुरते जमावे, असा हा संसार. तबकडीच्या एका बाजूस तीनच मिनिटे मिळत. तेवढ्यात सांगावयाचे ते सांगून मोकळे व्हावे लागे.

1926 च्या ‘हीबी जीबीज’ या गीतात लुई शब्द सोडून निरर्थक अक्षरेच सुरात गाऊ लागला. गाण्याचा कागद हातून पडला म्हणून असे झाले, अशी कथा आहे. कागद पडला असो वा नसो, आपल्याकडील तराण्यासारखा हा प्रकार लोकांना विलक्षण आवडला. पुढच्या वर्षी बेबी डॉड्सचे ढोल आणि ट्यूबा ही वाद्ये मिळून चमू सातांचा झाला. एव्हाना विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले होते. ढोलाला आता कोपऱ्यात लपण्याचे कारण उरले नव्हते. लुईनेही याच सुमारास कॉर्नेट सोडून अधिक तेजस्वी स्वराचे ट्रंपेट हाती घेतले.

या सर्व मुद्रिकांत 28 जून 1928 ची ‘वेस्ट एंड ब्लूज’ श्रेष्ठ मानली जाते. आरंभी लुई कोणत्याही साथीवाचून एकटाच एक तान घेतो. ती जेमतेम बारा-तेरा सेकंदांची आहे; पण वीज कडाडून जावी तशी ती सगळा आसमंत उजळून टाकते. पियानोवर अर्ल हाइन्स होता. आजवर लुईला साथ देणारे पुष्कळ भेटले होते. तोडीस तोड उत्तर देणारा हाच. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोघांनी मिळून ‘वेदर बर्ड’ वाजविले. ती दोन वाद्यांची निखळ जुगलबंदी आहे. एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही रचना मूळ जो ऑलिव्हरची होती.

त्या ऑलिव्हरचे दिवस मात्र फिरले. हिरड्यांच्या दुखण्यामुळे त्याला वाजविणे अशक्य झाले. 1937 मध्ये लुई आपल्या वाद्यवृंदासह सव्हाना या गावी गेला असता रस्त्याकडेला भाजी विकणारा आपला गुरू त्याला दिसला. लुईने व त्याच्या साथीदारांनी जवळचे पैसे त्याच्या हाती ठेवले. पुढच्या वर्षी ऑलिव्हर वारला.

साथीदार निवडताना लुईने कातडीचा रंग पाहिला नाही. जॅक टीगार्डन या श्वेतवर्णीय ट्रॉम्बोनवादकासह त्याने 1929 मध्येच ध्वनिमुद्रण केले होते, आणि 1947 मध्ये ‘ऑल स्टार्स’ हा नवा चमू उभारताना त्यालाच शेजारी घेतले. 1956 मध्ये लुईझियाना राज्याने दोन्ही वर्णांच्या माणसांनी एकत्र कार्यक्रम करण्यास बंदी घातली. न्यू ऑर्लिन्स याच राज्यात आहे. साथीदार वगळून जन्मगावी वाजविण्यापेक्षा तेथे न जाणे लुईने पसंत केले. 1965 पर्यंत त्याने तेथे कार्यक्रम केला नाही. 1957 मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाण्यापासून अडविण्यात आले, तेव्हा सदा हसऱ्या लुईचा संताप अनावर झाला. सरकारच्या वतीने रशियाला जाण्यास त्याने नकार दिला आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांना भित्रे ठरविले. त्याच्यावर टीकेची झोड उठली, तरी त्याने आपले बोलणे मागे घेतले नाही.

उतारवयातही त्याला नवे जोडीदार मिळत राहिले. 1956 मध्ये एला फिट्झगेराल्डसह एकाच दिवसात एक संपूर्ण मुद्रिका तयार झाली. तिचा रेशमी आणि त्याचा खरखरीत असे दोन आवाज त्यात एकमेकांना विलक्षण शोभले आहेत. 1961 मध्ये ड्यूक एलिंग्टन हा मोठा संगीतकार लुईच्या चमूत पियानोवर बसला. 1964 मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, ‘हॅलो, डॉली!’ या गीताने त्याने बीटल्ससारख्या तरुणांना मागे टाकून अमेरिकेत पहिला क्रमांक मिळविला.

6 जुलै 1971 रोजी न्यूयॉर्कमधील कोरोना या साध्या वस्तीतील घरी त्याचे निधन झाले. त्या घरात त्याने स्वतः मुद्रित केलेल्या शेकडो ध्वनिफिती होत्या. त्या घराचे 2003 मध्ये संग्रहालय झाले.

1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेच्या पलीकडे जाण्यासाठी सोडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे आणि तीत पृथ्वीवरील निवडक संगीत आहे. 1927 साली लुईच्या सातांच्या चमूने शिकागोत वाजविलेले ‘मेलँकली ब्लूज’ त्यात आहे. त्याच तबकडीवर गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवीही आहे. दोन्ही याने आजही पृथ्वीपासून दूर दूर जात आहेत.