इंटर नापास प्राचार्य

लातूरला बँकेत होतो तेव्हा दर जूनमध्ये आमच्या काउंटरवर एकच गर्दी उसळायची. शिकवणीच्या फीचे ड्राफ्ट काढायला आलेले पालक, त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली गुणपत्रिका, आणि शेजारी मुकाट उभे असलेले पोर. अशाच एका बापाने मला मुलाचे टक्के सांगताना उगाच चार वाढवून सांगितले. माझा त्या आकड्याशी काही संबंध नव्हता. मुलाने मान खाली घातली. त्या बापाचा मला राग आला नाही, कारण मी स्वतः बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला एकदा गचकलो होतो आणि ही गोष्ट घरात मुलांपासून लपवून ठेवली होती.

त्या दिवशी नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची आठवण झाली. मराठी समीक्षेत ज्यांचा शब्द वजनाने घेतला गेला, जे पुढे महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, ते हे गृहस्थ इंटर नापास होते. आणि एकदाच नव्हे. ही गोष्ट त्यांनी कधी झाकली नाही.

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूरचा. गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. मूळ घराणे वसमतजवळच्या कुरुंद्याचे. सारा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि पोराटोरांच्या कानांवरही मुक्तिसंग्रामाच्याच गोष्टी पडत. पुढच्या शिक्षणासाठी ते हैदराबादला गेले. तिथे मामा होते, डॉ. नारायणराव नांदापूरकर, उस्मानिया विद्यापीठातले मराठीचे नामवंत प्राध्यापक. भाच्याला परीक्षेपुरते वाचणे जमलेच नाही. इतिहास, संस्कृत काव्यशास्त्र, मार्क्स, जे हाती येईल ते तो वाचत सुटला. नेमलेली पुस्तके तेवढी मागे राहिली. निकाल व्हायचा तो झाला. मामांना त्यांनी जन्मभर गुरू मानले, मते मात्र स्वतःची स्वतः बनवली. मामांच्या घरात राहून नास्तिक होणे काही सोपे नसणार.

१९५५च्या सुमारास ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. इथून पुढचा काळ मला सगळ्यात विलक्षण वाटतो. दिवसा शाळेतल्या मुलांना शिकवायचे आणि लिहायचे ते असे, की विद्यापीठातल्या प्राध्यापकांना त्याची दखल घ्यावी लागावी. मोठ्या शहरातले नाव नाही, पदवीचे बळ नाही. अशा माणसाला दोन मोह होतात. एक, आपण फार मोठे विद्वान असल्याचा आव आणावा. दुसरा, आपण खेड्यातले साधे मास्तर म्हणून आधीच नमते घ्यावे. कुरुंदकरांनी दोन्ही टाळले. पदव्या उशिरा मिळाल्या आणि १९६३ साली ते पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या संस्थेचे हे कॉलेज. पुढे तिथेच ते प्राचार्य झाले. पुण्या-मुंबईला बिऱ्हाड हलवावे असे त्यांना वाटले नाही.

रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना घराघरांत वाचली गेली. ती मुळात एक दीर्घ पत्र आहे. देसाई तेव्हा ‘स्वामी’मुळे मराठीतले लाडके कादंबरीकार झालेले होते. अशा लेखकाला पत्र लिहिताना तुम्ही-आम्ही काय केले असते? चार स्तुतीची वाक्ये, एखादी नाजूक सूचना, आणि आपला नम्र. कुरुंदकरांनी शिवचरित्राचीच मांडणी समोर ठेवली. लढाया जिंकणारे आणखीही होऊन गेले. पण राजा गेल्यावरही प्रजा औरंगजेबाशी पंचवीस-सव्वीस वर्षे झुंजत राहिली, असे राज्य कसे उभे केले, हा त्यांचा प्रश्न होता. देसाईंचेही कौतुक करायला हवे, त्यांनी ते पत्र पुस्तकाच्या आरंभी छापले.

कुरुंदकर राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतले, समाजवादी. ‘शिवरात्र’ या पुस्तकात त्यांनी गोळवलकर गुरुजींच्या विचारांवर कठोर लिहिले आणि मुस्लिम राजकारणातल्या अलगतेवरही तितकेच कठोर लिहिले. त्यामुळे प्रत्येक बाजूला त्यांचे अर्धेच पुस्तक आवडे. हमीद दलवाईंच्या मागे ते उभे राहिले, तेव्हा पुरोगामी मंडळींतही काहींना अवघडल्यासारखे झाले. जन्माने ब्राह्मण, पण मनुस्मृतीवर बोलायला उभे राहिले ते ग्रंथ ओळ न ओळ वाचून, आणि न मानण्याची कारणे तपशिलाने सांगत. हल्ली एकाच मोबाइलमध्ये नातेवाइकांच्या गटात आपले एक मत असते, ऑफिसच्या गटात दुसरे आणि शाळासोबत्यांच्या गटात तिसरे. माझेही असते, खोटे कशाला बोलू? कुरुंदकरांच्या मतांशी पटले नाही असे अनेक होते. मात्र समोर कोण बसले आहे हे पाहून त्यांनी मत फिरवले, असे त्यांच्या विरोधकांकडूनही मी ऐकलेले नाही.

त्यांचा आवाका थक्क करणारा होता. भरताचे नाट्यशास्त्र, कादंबरी, राज्यघटना, संगीत. व्याख्यानासाठी ते महाराष्ट्रभर हिंडले. प्रकृतीकडे लक्ष देण्याची सवय नव्हतीच. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, व्यासपीठावर असतानाच हृदयविकाराने त्यांना गाठले. वय पुरते पन्नासही नव्हते. मराठवाड्यात त्या रात्री अनेक घरांत चूल पेटली नाही असे म्हणणारी माणसे अजून भेटतात. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल, असू दे.

गेल्या वर्षी माझी नात लातूरला शिकायला आली. पहिल्याच चाचणीत गुण कमी पडले म्हणून रात्री जेवेना. मी कपाटातली जुनी फाइल काढली आणि नापासाचा शिक्का असलेली माझी गुणपत्रिका तिच्या ताटाशेजारी ठेवली. तिने ती दोनदा वाचली. मग स्वयंपाकघराकडे पाहून विचारले, आजीला ठाऊक आहे का हे?

ठाऊक नव्हते.