ह्यूगो ग्रोटियस

ह्यूगो ग्रोटियस (जन्म: १० एप्रिल १५८३, डेल्फ्ट; मृत्यू: २८ ऑगस्ट १६४५, रोस्टॉक) हे डच विधिज्ञ, मुत्सद्दी व धर्मशास्त्रज्ञ होते. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाच्या निवारणासाठी तिसऱ्या सत्तेने शस्त्र उचलणे केव्हा न्याय्य ठरते, या प्रश्नाची त्यांनी पद्धतशीर मांडणी केली.

== प्रारंभिक जीवन ==
वयाच्या अकराव्या वर्षी ग्रोटियस यांनी लायडन विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढे ते हेग येथे वकिली करू लागले.

== सांता कातारिना प्रकरण ==
१६०३ मध्ये डच नौदल अधिकारी याकोब फान हेम्सकर्क यांनी सिंगापूरनजीक सांता कातारिना हे पोर्तुगीज जहाज पकडले. गोव्यातून कारभार चालणाऱ्या पोर्तुगीज सत्तेचा डचांच्या पौर्वात्य व्यापाराला विरोध होता. जहाजावरील मालाच्या लिलावातून सुमारे ३० लाख गिल्डर मिळाले. या कारवाईच्या समर्थनार्थ डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी ग्रोटियस यांनी ग्रंथ लिहिला. पोर्तुगीजांचा उपद्रव सोसणाऱ्या जोहोरच्या सुलतानाचे मित्र या नात्यानेही ही कारवाई न्याय्य ठरते, असा एक युक्तिवाद त्यात होता. त्यातील एक प्रकरण १६०९ मध्ये 'मारे लिबेरुम' (मुक्त सागर) या नावाने प्रसिद्ध झाले. मूळ हस्तलिखित मात्र १८६४ मध्ये उजेडात आले.

== कारावास व पलायन ==
धार्मिक व राजकीय संघर्षात १६१८ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढील वर्षी जन्मठेप सुनावण्यात आली. १६२१ मध्ये पत्नी मारिया यांच्या योजनेनुसार ग्रंथांच्या पेटीत लपून ते लूवेस्टाइन किल्ल्यातून निसटले व पॅरिसला गेले.

== युद्धविषयक विचार ==
'युद्ध व शांततेचा कायदा' हा त्यांचा प्रमुख लॅटिन ग्रंथ १६२५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रजाजन, मित्रराष्ट्रे, स्नेही आणि अखेरीस कोणताही पीडित मनुष्य यांच्यासाठी युद्ध करता येते, असे त्यात प्रतिपादन आहे. मात्र मित्राची बाजू अन्याय्य असल्यास करारही बंधनकारक राहत नाही. शेजाऱ्याचे बळ वाढते आहे एवढ्या भीतीने केलेले युद्धही त्यांनी न्याय्य मानले नाही. महत्त्वाकांक्षी सत्ता परोपकाराचे निमित्त पुढे करतात, हे त्यांनी मान्य केले. परंतु दुरुपयोगामुळे मूळ हक्क नष्ट होत नाही, असे त्यांचे मत होते.

== उत्तरायुष्य ==
१६३४ मध्ये स्वीडनने त्यांना फ्रान्समधील राजदूत नेमले. १६४५ मध्ये स्वीडनहून परतताना त्यांचे जहाज बाल्टिक किनाऱ्यावर फुटले व त्यानंतर लवकरच रोस्टॉक येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन डेल्फ्ट येथे आहे.

== प्रभाव ==
१९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ५१ व्या कलमाने सशस्त्र हल्ला झाल्यास सामूहिक स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला. निकाराग्वा खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये त्याला मर्यादा घातली: हल्ला झाल्याचे पीडित राष्ट्राने स्वतः जाहीर केले पाहिजे आणि मदतही त्यानेच मागितली पाहिजे. मदतीचा हक्क आणि मदतीचे निमित्त यांतील ज्या भेदाची ग्रोटियस यांनी दखल घेतली होती, त्याची कसोटी अशा रीतीने बऱ्याच अंशी पीडित राष्ट्राच्या हाती आली.