डॉ. रुस्तम जाल वकील

हृदयांतून निघालेलें रक्त रोहिणींच्या भिंतींवर दाब देतें. तो सदैव अधिक राहिला, तर त्या भिंती कठीण होऊन हृदय व मेंदू धोक्यांत येतात. १९११ सालीं मुंबईस जन्मलेले डॉ. वकील विलायतेंत शिकून परतले, तेव्हां या व्याधीवर सोयीचें औषध नव्हतें. आपले वैद्य सर्पगंधेची मुळी निद्रानाशावर देत. हेटाळणी व अंधविश्वास दोन्ही टाळून, डॉ. वकिलांनीं रोग्यांचा रक्तदाब मोजून तिचा गुण पडताळिला व १९४९ सालीं जगापुढें मांडिला. १९५७ सालीं त्यांस अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें; १९७४ सालीं ते निवर्तले. पुढें अधिक निर्धोक औषधें आलीं. परंतु ही व्याधी अद्यापि गुपचूपच येते. म्हणून, विद्यार्थीमित्रांनो, आईवडिलांस रक्तदाब मोजून घेण्यास सांगा.