गणितानंद कापरेकर

आपल्या अशोका गार्डनातल्या कितीतरी घरांतली मुले आज संगणकशास्त्र शिकत आहेत. अल्गोरिदम हा शब्द त्यांच्या तोंडी सहज येतो. ठरलेली कृती, ठरलेल्या क्रमाने, उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा करायची, एवढाच त्याचा अर्थ. अशी एक कृती देवळालीच्या एका शाळामास्तरांच्या नावाने जगभर ओळखली जाते, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. आई लहानपणीच गेली. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये बी. एस्सी. झाले. यापुढची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले.

संशोधनासाठी पद नाही, मार्गदर्शक नाही, विद्यापीठाचे ग्रंथालय हाताशी नाही. हातात फक्त कागद, पेन्सिल आणि आकडे. मोठमोठ्या गणितज्ञांना हा सारा आकड्यांचा खेळ वाटे. कापरेकरांचे लेखन बऱ्याचदा लहानसहान नियतकालिकांत आले, काही पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. गणित परिषदांना मात्र ते आवर्जून जात.

१९४९ च्या मद्रासच्या परिषदेत त्यांनी ६१७४ ही संख्या मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे तेवढे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते, आणि मग तेच येत राहते. त्यांचे जन्मसाल घेऊन पाहा: ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोबर सात पायऱ्या!

एवढ्यावर ते थांबले नाहीत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. १२१, १२३२१ यांच्या कुळाला त्यांनी डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून डेम्लो म्हटले. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की दुसरी संख्या जन्मते: २१ मध्ये ३ मिळवले की २४. पण २० अशी कोणापासूनच जन्मत नाही. म्हणून ती स्वयंभू! गणपतीच्या मूर्तीसाठी आपण वापरतो तोच शब्द इथे किती चपखल बसतो.

निवृत्तीनंतर पेन्शन तुटपुंजी होती. शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि नाव जगभर झाले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. आपल्या विद्यापीठांना हे आधी दिसायला हवे होते, असे मला वाटते.

१९८६ मध्ये ते गेले. या सालाचीही वजाबाकी करून पाहा: ९८६१ वजा १६८९ म्हणजे ८१७२. जन्मसालाच्या वाटेवर दुसऱ्या पायरीला आलेली तीच संख्या. तिथून ६१७४ पर्यंत दोन्ही सालांची वाट एकच.